नवी ओळ कोणी ठरवायची? विंडोज, लिनक्स आणि ओळीच्या शेवटाचे बाइट

प्रश्न असा आहे: विंडोजवर तयार केलेली सेटिंग्जची फाइल लिनक्सवर चालणाऱ्या प्रोग्रामने वाचली, की प्रत्येक ओळीतील मूल्य दिसायला अगदी बरोबर असते, पण अपेक्षित शब्दाशी तुलना केली तर ती फसते. मग कोडमध्ये जिथे जिथे नवी ओळ लागते तिथे तिथे चालू ऑपरेटिंग सिस्टिमचा ओळविभाजक देणारा स्थिरांक वापरला, तर हा त्रास कायमचा मिटेल का?

मिटणार नाही, आणि बहुधा वाढेल. तो स्थिरांक फक्त 'माझा प्रोग्राम आत्ता कोणत्या यंत्रावर चालतो आहे' एवढेच सांगतो. तुमच्या समोरची फाइल कोणत्या यंत्रावर लिहिली गेली आणि उद्या ती कोण वाचणार आहे, याची त्याला काहीच कल्पना नसते. प्रश्नातली अडचण नेमकी तीच आहे: वाचणारे यंत्र लिनक्सचे होते, फाइल विंडोजची होती. ओळीचा शेवट कसा लिहायचा हे यंत्रावरून ठरत नाही. ती फाइल किंवा तो संदेश ज्या स्वरूपाचा आहे, त्या स्वरूपाच्या करारावरून ते ठरते. एवढे मान्य केले की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात.

हे वेगवेगळे संकेत आले कुठून, ते आधी थोडक्यात सांगतो, कारण आजच्या अनेक चमत्कारिक वागणुकींची मुळे तिथेच आहेत. आस्की संकेतावलीत, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जुन्या तक्त्यात, दोन स्वतंत्र चिन्हे आहेत. कॅरेज रिटर्न, म्हणजे १३ क्रमांकाचे चिन्ह, छपाईचे शीर्ष ओळीच्या आरंभी नेण्याचा हुकूम देते. लाइन फीड, म्हणजे १० क्रमांकाचे चिन्ह, कागद एक ओळ वर सरकवण्याचा हुकूम देते. १९६३ सालच्या 'मॉडेल ३३' टेलिटाइपचा, म्हणजे तारेने आलेला मजकूर कागदावर छापणाऱ्या यंत्राचा, वेग सेकंदाला १० अक्षरे इतका होता आणि शीर्ष उजव्या टोकापासून डावीकडे परत यायला एका अक्षराच्या वेळेत पुरे होत नसे. म्हणून आधी कॅरेज रिटर्न आणि मग लाइन फीड पाठवायची पद्धत सोयीची ठरली. कागद सरकेपर्यंत शीर्ष जागेवर पोहोचत असे. मल्टिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्त्यांनी मात्र असा विचार केला की यंत्राच्या हालचालीचे हुकूम फाइलीत साठवण्याचे कारण नाही. फाइलीत एकच खूण असावी आणि तिचे रूपांतर त्या त्या उपकरणाच्या ड्रायव्हरने करावे. युनिक्सने ती खूण, म्हणजे फक्त लाइन फीड, वारशाने घेतली आणि तीच पुढे लिनक्समध्ये आली. सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिमने दोन्ही चिन्हे फाइलीत जशीच्या तशी ठेवली, १९८१ मध्ये एमएस-डॉसने तीच रीत उचलली आणि विंडोजने ती चालू ठेवली. ॲपलच्या मॅकिंटॉशने जुन्या काळी, मॅक ओएस ९ पर्यंत, फक्त कॅरेज रिटर्न वापरले. २००१ मध्ये आलेली मॅक ओएस टेन ही युनिक्सच्या कुळातली असल्यामुळे तिथे लाइन फीड आले. आयबीएमच्या मेनफ्रेमवरील एब्सिडिक संकेतावलीत यासाठी आणखी एक वेगळे चिन्ह आहे, आणि युनिकोडमध्ये ते १३३ क्रमांकावर येऊन बसले आहे. रोजच्या कामात ते क्वचितच भेटते, पण त्याचा उल्लेख पुढे एकदा येईल.

आता निदानाकडे येऊ. तुमची तुलना फसते याचे कारण असे, की प्रोग्राम ओळ तोडताना लाइन फीडपाशी तोडतो आणि त्याच्या आधीचे कॅरेज रिटर्न मूल्याला चिकटून राहते. ते डोळ्यांना दिसत नाही, आणि लॉगमध्ये छापले तर आणखीच फसवते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका प्रकल्पात माझी अर्धी रात्र अशाच एका संदेशाने खाल्ली. चुकीचे मूल्य अवतरणचिन्हांत छापून पुढे 'हे मूल्य अवैध आहे' असे लिहायचे, असा तो संदेश होता; प्रत्यक्षात टर्मिनलवर ओळ बंद अवतरणचिन्हापासूनच सुरू होत होती आणि आधीचा मजकूर गायब होता. मला वाटले की लॉग लिहिणारा कोडच बिघडला आहे. वस्तुस्थिती एवढीच होती, की मूल्याच्या शेवटी असलेल्या कॅरेज रिटर्नने कर्सर ओळीच्या आरंभी नेला आणि संदेशाचा उरलेला भाग आधीच्या मजकुरावरच छापला गेला. म्हणजे ते चिन्ह टेलिटाइपवर जे काम करत असे, तेच इमानाने करत होते. तेव्हापासून माझी सवय अशी आहे की मजकुराचा संशय आला की तो छापून पाहायचा नाही, बाइट पाहायचे. लिनक्सवर 'ओडी' हा हुकूम 'सी' पर्यायासह चालवला की प्रत्येक चिन्ह वेगळे दिसते. 'कॅट' हुकुमाला मोठा 'ए' पर्याय दिला तर कॅरेज रिटर्नच्या जागी टोपीचे चिन्ह आणि 'एम' दिसतात. भाषेच्या पातळीवर, लॉग लिहिताना स्ट्रिंगचे सुटे रूप, म्हणजे अदृश्य चिन्हे बॅकस्लॅशसह दाखवणारे रूप, छापावे.

याच जातीची दुसरी तक्रार म्हणजे विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट, म्हणजे हुकुमांची मजकूर-फाइल. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, पहिल्या ओळीतून इंटरप्रिटरचे, म्हणजे ते हुकूम चालवणाऱ्या प्रोग्रामचे, नाव वाचतो आणि त्या नावाच्या शेवटी कॅरेज रिटर्न चिकटलेले असते. तशा नावाचा प्रोग्राम डिस्कवर नसतो, म्हणून 'अशी फाइल किंवा निर्देशिका नाही' असा संदेश येतो. स्क्रिप्ट तर समोर दिसते आहे! कंटेनरची इमेज विंडोजवर तयार करणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो, आणि ते बिचारे फाइलीचा पथ तपासत बसतात.

प्रोग्रामिंगच्या भाषा या बाबतीत काय करतात, हे नीट माहीत असणे आवश्यक आहे, कारण इथे मदत आणि घात एकाच हाताने होतात. सी भाषेत नव्या ओळीसाठी लिहायचे बॅकस्लॅश-एन हे नेहमी एकच चिन्ह असते. विंडोजवर फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडली तर लिहिताना त्या एका चिन्हाचे दोन बाइट होतात आणि वाचताना दोनाचे पुन्हा एक होते. बायनरी मोडमध्ये असे काही होत नाही. युनिक्सच्या कुळात दोन्ही मोड सारखेच वागतात, त्यामुळे तिथे वाढलेल्या प्रोग्रामरला बायनरी मोड सांगण्याची सवयच नसते. परिणामी त्याचा प्रोग्राम विंडोजवर चित्राची फाइल लिहितो तेव्हा प्रत्येक १० च्या आधी एक १३ घुसतो आणि चित्र मोडते. शिवाय विंडोजच्या टेक्स्ट मोडमध्ये २६ क्रमांकाचा बाइट फाइलीचा शेवट मानला जातो. हाही सीपी/एमचा वारसा: तिथे फाइलीची लांबी १२८ बाइटच्या खंडांतच मोजली जात असल्यामुळे मजकूर नेमका कुठे संपला हे सांगायला एक खूण लागत असे. पीएनजी चित्रप्रकाराच्या कर्त्यांना हे सगळे ठाऊक होते. त्या प्रत्येक फाइलीचे पहिले आठ बाइट १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६ आणि १० असे असतात. वाटेत कोणी दोनाचे एक केले किंवा एकाचे दोन केले, तर ही खूण बिघडते आणि फाइल दूषित झाल्याचे पहिल्या आठ बाइटांतच कळते. इतक्या कमी जागेत इतकी दूरदृष्टी मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

पायथन ३ मध्ये फाइल टेक्स्ट मोडमध्ये उघडली की वाचताना तिन्ही संकेत (१३-१० ची जोडी, सुटे १० आणि सुटे १३) आपोआप लाइन फीडमध्ये बदलतात, आणि लिहिताना लाइन फीडचे रूपांतर चालू यंत्राच्या संकेतात होते. आता तुमच्या प्रश्नातला स्थिरांक इथे वापरून पाहा. विंडोजवर तो १३ आणि १० ही जोडी देतो. लिहिताना त्यातल्या १० चे पुन्हा १३ आणि १० होतात. फाइलीत १३, १३, १० असे तिहेरी शेवट पडतात. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने पाडलेल्या, फाइलीत प्रत्येक ओळीनंतर एक रिकामी ओळ दिसते, तिचे कारण याच घराण्यातले आहे: पायथनचे सीएसव्ही मोड्यूल ओळीचा शेवट स्वतःच १३ आणि १० असा लिहिते आणि खालचा थर त्यात भर घालतो. म्हणूनच सीएसव्हीची फाइल उघडताना 'न्यूलाइन' या पॅरामीटरला रिकामी स्ट्रिंग द्यावी, असे पायथनचे अधिकृत दस्तऐवजच सांगतात. जावामध्ये ओळ वाचणारी बफर्ड रीडरची पद्धत तिन्ही संकेत स्वीकारते, पण 'प्रिंट-एलएन' चालू यंत्राचा संकेत लिहिते. त्यामुळे एकाच कोडने दोन यंत्रांवर तयार केलेल्या फाइलींचे हॅश, म्हणजे बाइटांवरून काढलेले ठसे, जुळत नाहीत आणि लोक डेटा बिघडल्याचा संशय घेतात. गो आणि रस्ट या भाषा लिहिताना काहीही बदलत नाहीत, आणि ओळी वाचणारी त्यांची साधने लाइन फीडच्या लगेच आधीचे कॅरेज रिटर्न मात्र काढून टाकतात. माझ्या मते सर्वांत समंजस तडजोड हीच आहे.

यातून मी स्वतःसाठी जी रीत बसवली आहे, ती अशी. प्रोग्रामच्या आत नव्या ओळीची एकच खूण असते, लाइन फीड. मजकूर बाहेरून आत येतो त्या उंबरठ्यावर तिन्ही संकेत उदारपणे स्वीकारून त्याचे रूपांतर एकदाच करायचे. मजकूर बाहेर जातो त्या उंबरठ्यावर त्या स्वरूपाचा करार जे सांगतो ते स्पष्ट शब्दांत लिहायचे, आणि लायब्ररीला अंदाज बांधू द्यायचा नाही. मधल्या कोडमध्ये कुठेही कॅरेज रिटर्नचा उल्लेख आढळला, तर उंबरठ्यावर गळती आहे असे समजून मूळ जागा शोधायची. प्रत्येक तुलनेपूर्वी स्ट्रिंगच्या कडा छाटत जाणे, हा जो उपाय बरेच जण सुचवतात, तो मला पसंत नाही. त्याने अर्थपूर्ण रिकाम्या जागाही उडतात आणि एखादी तुलना हमखास सुटून जाते.

रूपांतर करताना दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले म्हणजे क्रम: आधी १३-१० ही जोडी बदलायची आणि मगच सुटे १३. उलट केले तर एका ओळीच्या दोन होतात. दुसरे म्हणजे मजकूर तुकड्यातुकड्याने वाचत असताना एका तुकड्याचा शेवटचा बाइट १३ आणि पुढच्याचा पहिला १० असू शकतो. असा योग चाचणीच्या लहान फाइलीत येत नाही, प्रत्यक्षातल्या मोठ्या फाइलीत येतो, आणि मग हजारो ओळींत मध्येच एखादी रिकामी ओळ उगवते. तुकडा १३ वर संपला तर तो बाइट हातचा राखून पुढचा तुकडा पाहिल्यावरच निर्णय घ्यावा लागतो.

रूपांतर बाइटांवर करायचे की अक्षरांवर, हा प्रश्न मराठी मजकूर हाताळणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावा. यूटीएफ-८ या युनिकोड अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत बहुबाइटी अक्षराचा कोणताही बाइट १२८ पेक्षा लहान नसतो, त्यामुळे १० आणि १३ हे बाइट तिथे नेहमी खरोखरची नियंत्रण चिन्हेच असतात आणि बाइटांवर शोध घेणे सुरक्षित असते. यूटीएफ-१६ मध्ये तसे नाही. तिथे 'ऊ' हे अक्षर ९ आणि १० या दोन बाइटांनी लिहिले जाते आणि 'ऍ' हे ९ आणि १३ यांनी. बाइट पाहून ओळी तोडणारा प्रोग्राम 'ऊस' या शब्दाच्या पहिल्याच अक्षराचे दोन तुकडे करील. गुरुमुखी आणि गुजराती लिपींच्या तर प्रत्येक अक्षरात १० हा बाइट असतो आणि मल्याळमच्या अक्षरांत १३. तेव्हा आधी बाइटांचे अक्षरांत डिकोडिंग, मग ओळींचे रूपांतर. हा क्रम बदलू नये.

अक्षरांच्या पातळीवर गेल्यावर उलट बाजूचा अतिरेकही टाळायला हवा. युनिकोडमध्ये ओळविभाजक आणि परिच्छेदविभाजक अशी आणखी दोन चिन्हे आहेत, आणि पायथनची स्ट्रिंग ओळींत तोडणारी 'स्प्लिट-लाइन्स' ही पद्धत ही दोन्ही, मेनफ्रेमचे ते १३३ क्रमांकाचे चिन्ह, शिवाय फॉर्म फीड आणि उभा टॅब यांच्यापाशीही ओळ तोडते. फाइलीवरून फिरणारा लूप मात्र तसे करत नाही. एकाच मजकुराच्या ओळी दोन मार्गांनी मोजल्या तर आकडे वेगळे येऊ शकतात, ते यामुळे. जावास्क्रिप्टमध्येही हीच दोन विभाजक चिन्हे जेसन या डेटा लिहिण्याच्या स्वरूपाच्या स्ट्रिंगमध्ये वैध आणि भाषेच्या स्ट्रिंगमध्ये अवैध अशी विसंगती होती. ती २०१९ च्या आवृत्तीत दूर झाली.

नेटवर्कच्या नियमावल्यांबाबत ऑपरेटिंग सिस्टिमचा विचार मनातही आणू नये. वेबच्या एचटीटीपी १.१ चे हेडर आणि ईमेल पाठवणाऱ्या एसएमटीपीचे हुकूम १३-१० या जोडीनेच संपतात, मग सर्व्हर कोणत्याही यंत्रावर असो. लिनक्सवर लिहिलेल्या कोडमध्ये 'चालते तर आहे' म्हणून नुसते लाइन फीड पाठवले जाते आणि समोरचा उदार सर्व्हर ते चालवूनही घेतो. पण दोन सर्व्हरांची उदारता वेगवेगळी असली, की ती सुरक्षेची चीर होते. ईमेलचा मजकूर संपल्याची खूण म्हणजे स्वतंत्र ओळीवरचे एकटे टिंब. काही सर्व्हर या खुणेच्या आजूबाजूला नुसते लाइन फीड चालवून घेत आणि काही घेत नसत. त्या मतभेदाचा फायदा घेऊन एका संदेशाच्या पोटात दुसरा बनावट संदेश पाठवता येतो, हे डिसेंबर २०२३ मध्ये एसएमटीपी स्मगलिंग या नावाने जाहीर झाले. वापरकर्त्याने दिलेला मजकूर हेडरमध्ये घालताना त्यातली दोन्ही चिन्हे नाकारावीत, ती गुपचूप काढून टाकू नयेत. नाकारल्याने चूक कळते. काढून टाकल्याने ती दडते.

वेबवरच्या फॉर्मचा एक बारकावा इथेच सांगून टाकतो. अनेक ओळींच्या मजकूरपेटीतले मूल्य स्क्रिप्टमधून वाचले, तर नव्या ओळीचे एक चिन्ह मोजले जाते. तोच फॉर्म सबमिट झाला की ब्राउझर दोन पाठवतो. मर्यादा ५०० अक्षरांची असेल आणि मजकुरात ८ ओळी तुटल्या असतील, तर ब्राउझरने मान्य केलेला मजकूर सर्व्हरवर ५०८ होऊन नाकारला जातो. मोजण्यापूर्वी लाइन फीडमध्ये रूपांतर केले की प्रश्न संपतो.

सीएसव्हीला मात्र माझी वरची सरसकट रूपांतराची रीत लावू नये. तिथे अवतरणचिन्हांतल्या रकान्यात नवी ओळ असू शकते. स्प्रेडशीटमध्ये एका चौकटीत ओळ तोडली तर आत सुटे लाइन फीड पडते, आणि नोंदीचा शेवट १३-१० ने होतो. ही दोन कामे वेगळी आहेत, आणि फाइल आधी ओळींत तोडून मग रकाने पाडणारा प्रत्येक घरगुती पार्सर इथे आज ना उद्या पडतो. बाइट न बदलता मजकूर सरळ सीएसव्हीच्या लायब्ररीकडे द्यावा.

राहिला गिटचा, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा, भाग, जिथे संघातले लोक एकमेकांवर रागावतात. ओळींचे शेवट आपोआप बदलणारी 'ऑटो-सीआरएलएफ' ही सेटिंग प्रत्येकाच्या यंत्रावर वेगळी असते, म्हणून तिच्या भरवशावर संघ चालवू नये. प्रकल्पाच्या मुळाशी टिंबाने सुरू होणारी 'गिटॲट्रिब्यूट्स' नावाची फाइल ठेवावी. ती सर्वांना सारखीच लागू होते. तीत सर्व फाइलींसाठी टेक्स्टचा आपोआप ओळखण्याचा नियम द्यावा, शेल स्क्रिप्टसाठी शेवट लाइन फीड असा सक्तीचा करावा, आणि विंडोजच्या बॅच फाइलींसाठी १३-१० ची जोडी सक्तीची करावी, कारण नुसत्या लाइन फीडच्या बॅच फाइलीत लेबलवर उडी मारणारे हुकूम कधी कधी लेबल सापडत नसल्याची तक्रार करतात. चित्रे आणि तत्सम फाइली बायनरी म्हणून घोषित कराव्यात. जुन्या प्रकल्पात हे नंतर आणत असाल, तर 'गिट ॲड' हुकूम 'रीनॉर्मलाइज' पर्यायासह चालवून तो बदल स्वतंत्र कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या वेगळ्या नोंदीत, ठेवावा आणि त्यात दुसरे एक अक्षरही बदलू नये. त्या कमिटमुळे प्रत्येक ओळीचा कर्ता तुम्हीच दिसू लागाल; पण गिट २.२३ पासून ओळीचा कर्ता दाखवणाऱ्या 'ब्लेम' हुकुमाला दुर्लक्ष करायच्या कमिटांची यादी देता येते, तीत तिची नोंद करावी.

शेवटच्या ओळीविषयी थोडक्यात. युनिक्सच्या कुळासाठीच्या पोझिक्स या मानकाच्या व्याख्येनुसार लाइन फीड ही ओळीची समाप्ती आहे, दोन ओळींमधला विभाजक नाही. म्हणून फाइलीच्या शेवटीही ते असावे. ते नसेल तर ओळी मोजणारा 'डब्ल्यूसी' एक ओळ कमी सांगतो, आणि दोन फाइली जोडल्या तर पहिलीची शेवटची ओळ दुसरीच्या पहिल्या ओळीला चिकटते. ते असेल आणि तुम्ही मजकूर विभाजक मानून तोडलात, तर यादीच्या शेवटी एक रिकामी स्ट्रिंग येते. वाचताना दोन्ही शक्यता धरून चालावे, लिहिताना शेवट नेहमी द्यावा.

तुमच्या सेटिंग्जच्या फाइलीपुरते सांगायचे, तर ती वाचणाऱ्या एकाच फंक्शनमध्ये यूटीएफ-८ स्पष्टपणे सांगून डिकोडिंग करा, तिथेच तिन्ही संकेत लाइन फीडमध्ये बदला, आणि लिहिताना यंत्र कोणतेही असले तरी लाइन फीडच लिहा. विंडोजचे नोटपॅडसुद्धा २०१८ पासून अशा फाइली नीट दाखवते. त्यासाठी चाचण्या लिहाल तेव्हा १३-१० असलेली नमुना फाइल नुसतीच रिपॉझिटरीत टाकू नका. वर सांगितलेला आपोआप ओळखण्याचा नियम कमिट करताना तिच्यातली सगळी कॅरेज रिटर्न काढून टाकील, लिनक्सवर चाचणी हिरवी, म्हणजे उत्तीर्ण, दिसत राहील, आणि ती ज्यासाठी लिहिली ते मात्र एकदाही तपासले जाणार नाही. तेवढ्या फाइलींना टेक्स्ट म्हणून हात लावू नये असा अपवाद गिटॲट्रिब्यूट्समध्ये घाला, किंवा ते बाइट चाचणीच्या कोडमध्येच तयार करा. मी दुसरा मार्ग घेतो, कारण त्यात वाचणाऱ्याला १३ आणि १० डोळ्यांनी दिसतात.